अपेक्षित उत्तर

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे "शिक्षण आणि समाज" असा विषय छापला आहे. विषय मोठा आहे आणि माझ्यासारख्या बी.ए., बी.एड. मास्तराच्या आवाक्याबाहेरचा आहे. शिवाय माझ्याआधी दोन वक्ते त्यावर बोलून गेले आहेत आणि मागच्या रांगेतल्या मुलांची चुळबुळ मला येथून दिसते आहे. म्हणून चिटणीससाहेबांची परवानगी घेऊन मी थोडा बाजूला सरकतो. मी शिकवायला कसा शिकलो, खरे म्हणजे मला शिकवता येत नाही हे मला कसे कळले, तेवढेच सांगतो. समोर बसलेल्यांपैकी तीन-चार मुली यंदा डी.एल.एड.ला अर्ज करणार आहेत असे समजले. त्यांना ह्याचा उपयोग होईल. पालकांनीही ऐकावे, कारण ह्या हकिकतीत त्यांचाही वाटा आहे.

मी 2015 साली बी.एड.ला गेलो. त्याच वर्षी बी.एड.चा अभ्यासक्रम एक वर्षाचा दोन वर्षांचा झाला. आमच्या घरी ह्या बातमीचे स्वागत झाले नाही. वडील म्हणाले, "सरकारने तुझे एक वर्ष खाल्ले." त्यांचेही चुकले नव्हते, फी आणि पास दोन्हींचा खर्च दुप्पट झाला होता. पण त्या वाढीव वर्षामुळेच आम्हाला प्रत्यक्ष शाळेत राहण्याचे दिवस जास्त मिळाले. नव्या नियमात छात्रसेवाकाल एकूण वीस आठवड्यांचा आहे. आधीच्या तुकड्या थोडे पाठ घेऊन मोकळ्या होत, आम्हाला मात्र मुलांबरोबर महिनेच्या महिने काढावे लागले. हे वाईट झाले नाही.

शाळेत पाठवण्याआधी कॉलेजात सूक्ष्म अध्यापन असते. मूळ कल्पना अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातली, 1960 नंतरच्या काळातली. पाच-सात मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा आणि एका वेळी एकच कौशल्य पक्के करायचे. आज प्रश्न विचारणे, उद्या फलकलेखन, परवा उदाहरण देणे. कल्पना चांगली आहे. अडचण एवढीच, की समोर विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गबंधू बसलेले असतात. तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप असलेला गृहस्थ पाचवीतला मुलगा होऊन बाकावर बसतो आणि हात वर करून म्हणतो, "सर, मी सांगू?" त्याला उत्तर येते, कारण पाठाचे टाचण त्याने आदल्या दिवशी वाचलेले असते. मग आपण "शाब्बास" म्हणतो. तो शाब्बास सुद्धा कौशल्यात मोडतो, त्याला प्रबलन म्हणतात आणि निरीक्षण तक्त्यावर त्याच्या खुणा करतात. मला ह्या सगळ्यात उत्तम गुण मिळाले. मला वाटले, आपण जन्मजात शिक्षक आहोत.

पाठाच्या टाचणात रकाने असतात. शिक्षक काय करणार, विद्यार्थी काय करणार, फळ्यावर काय लिहिणार, वगैरे. प्रत्येक प्रश्नासमोर आणखी एक गोष्ट लिहायची असते, अपेक्षित उत्तर. त्या दोन शब्दांभोवतीच माझी आजची सगळी हकिकत आहे.

2016 च्या पावसाळ्यात आम्हाला शाळा वाटून दिल्या. मी कसाऱ्याचा. माझ्या वाट्याला लोकलच्या मार्गावरच्याच, आमच्या शहापूर तालुक्यातल्या एका शाळेची पाचवी आली. आपल्याकडे बऱ्याच हायस्कुलांना पाचवीचा वर्ग जोडलेला असतो, तसाच हा वर्ग. वर्गात ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी अशी सगळी मुले, काही रेल्वे कर्मचाऱ्यांची आणि पाच-सहा आपल्या मोहल्ल्यातली. मुले मला "बी.एड.वाले सर" म्हणत. वर्गशिक्षक ते खरे सर, आणि मी बी.एड.वाला. मुलांना हा फरक फार लवकर कळतो.

पहिल्या दिवशी मी प्रस्तावनेचे चार प्रश्न विचारले. पहिल्या प्रश्नाला कोणीच उत्तर दिले नाही. दुसऱ्याला सगळ्यांनी एकदम दिले. तिसरा मी विचारतच होतो, तेवढ्यात खिडकीपाशी माकड आले आणि वर्ग माझ्या हातून गेला. तास संपायला बावीस मिनिटे उरली होती. माझे टाचण तेरा मिनिटांत संपले होते. ती बावीस मिनिटे मी काय केले ते आता सांगत नाही. पुढे गिजुभाई बधेका यांचे "दिवास्वप्न" हाती आले. त्यातला शिक्षक चौथीच्या वर्गावर प्रयोग करायला जातो, पहिल्याच दिवशी मुलांना शांततेचा खेळ शिकवू पाहतो आणि वर्गात नुसता गोंगाट होतो. ते पान वाचून मला झोप लागली. डी.एल.एड.ला जाणाऱ्या मुलींनी ते पुस्तक जाण्याआधीच वाचून ठेवावे.

तीन-चार आठवड्यांत मी सावरलो. म्हणजे काय केले, तर एक लबाडी शिकलो. आमच्यातले सगळेच ती शिकतात. मार्गदर्शक प्राध्यापक पाठ पाहायला येणार असले, की बोलकी मुले पुढे बसवायची, बाकीची मागे. प्रश्न आदल्या दिवशी थोडे फिरवून ठेवायचे. "उद्या मोठे सर येणार आहेत, हात वर करा हं," असे सांगायचे. मुलेही प्रेमाने साथ देतात. आपले सर नापास होऊ नयेत असे त्यांना वाटते.

सप्टेंबरात माझा परिसर अभ्यासाचा पाठ होता, विषय पाणी. मी कार्डबोर्डचा मोठा तक्ता रंगवला होता. डोंगर, ढग, धरण, जलशुद्धीकरण, पाइप आणि शेवटी नळ. धरण म्हणून भातसा काढले होते, स्थानिक उदाहरण द्यावे असा नियम आहे म्हणून. टाचणात प्रश्न होता, "आपल्या घरी पाणी कोठून येते?" अपेक्षित उत्तर : नळातून.

पुढच्या बाकावरून "नळातून" असे उत्तर आलेच होते. पण मागे कातकरी वाडीवरचा एक मुलगा बसला होता, जो एरवी बोलत नसे. त्याने हात वर केला. मार्गदर्शक पाहत होते, म्हणून मला त्याला उठवावेच लागले. तो म्हणाला, "आता व्हाळातून. उन्हाळ्यात डवऱ्यातून." डवरा म्हणजे ओहोळ आटला की त्याच्या वाळूत खणलेला खड्डा. पाझरून आलेले पाणी त्यात वाटी-वाटीने भरायचे.

मी काय केले? मी म्हणालो, "नीट ऐक. घरी पाणी कोठून येते? कोण सांगेल बरे?" आणि पुढच्या मुलीकडे वळलो. ती "नळातून" म्हणाली. मी तिला शाब्बास म्हणालो आणि "नळ" हा शब्द फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिला. तो मुलगा थोडा वेळ उभाच होता. मी त्याला बस म्हणायलाही विसरलो होतो. मग तो आपोआप बसला.

पाठ उत्तम झाला. तक्त्याची तारीफ झाली. माझी पाठाची वही संध्याकाळी परत मिळाली. वेळेचे नियोजन चांगले, फलकलेखन चांगले, आवाज स्पष्ट. त्या सगळ्याखाली लाल शाईत एकच ओळ होती : "मागील बाकावरील विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर होते."

कसारा लोकलमध्ये ती वही मांडीवर घेऊन मी बसलो होतो. मित्रहो, आपण राहतो तो तालुका कोणता, जरा विचार करा. तानसा धरण 1892 सालचे, ते आपल्या शहापूर तालुक्यात. भातसा आपल्या तालुक्यात, मुंबईला सर्वांत जास्त पाणी तेथूनच जाते. आणि उन्हाळा लागला की ह्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. माझ्या तक्त्यातल्या पाइपमधून जाणारे पाणी त्या मुलाच्या घरी येत नव्हते, ते मुंबईला जात होते. माझा संपूर्ण पाठ ज्या गोष्टीवर उभा राहायला हवा होता, ती त्या मुलाने चार-पाच शब्दांत सांगितली होती. त्यात ऋतूप्रमाणे पाण्याची जागा बदलते हेही आले होते, जे माझ्या टाचणात नव्हते. मी तेथे जन्मलो, वाढलो, माझ्या आईने डोक्यावरून पाणी वाहिलेले मी पाहिले आहे, आणि तरी मी "नळ" लिहिला. का? तर कॉलेजच्या वाचनालयात टाचणांचे जे नमुने होते त्यांत नळ होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला विचारले तर तो मान हलवून नुसता हसला. पुढे महिनाभर त्याने हात वर केला नाही.

आता आपल्या मुलांकडे येतो. वर्गात आपल्या मोहल्ल्यातली एक मुलगी होती. वाचन इतके स्वच्छ, की वर्गशिक्षक पाहुण्यांसमोर तिलाच उभी करत. एके दिवशी मी फळ्यावर एक वाक्य लिहिले, "गावाजवळून ओढा वाहतो." तिने खणखणीत वाचले. मी सहज विचारले, ओढा म्हणजे काय? ती गप्प. पुन्हा विचारले तेव्हा तिने खांद्यावरच्या ओढणीला हात लावला. घरी ती जे बोलते त्यात "ओढा" म्हणजे पांघरलेला. गावाजवळून पांघरलेले काही तरी वाहत जाते असे वाक्य ती वर्षभर न अडखळता वाचत असणार, आणि असली किती तरी वाक्ये. कोणी विचारले नाही म्हणून तिने सांगितले नाही.

तिच्या आईला मी शाळेत बोलावले. त्या आल्या. माझे ऐकून म्हणाल्या, "लेकिन पढती तो अच्छा है ना, सर?" ह्यात त्यांना दोष देता येत नाही. मकतबमध्ये मूल नाजिरा शिकते तेव्हा अक्षर आणि उच्चार शुद्ध असावा ह्यालाच आधी महत्त्व असते, आणि तेथे ते योग्यच आहे. पण तोच कान घेऊन आपण शाळेचे वाचन ऐकतो. मूल घडाघडा वाचते म्हणजे त्याला कळते, असे समजून आपण निर्धास्त होतो. मास्तरही होतात, कारण पन्नास मुलांच्या वर्गात जे मूल घडाघडा वाचते त्याच्याकडे पुन्हा वळून पाहायला फुरसत कोणाला असते?

येथे पालकांशी थोडे स्पष्ट बोलतो. राग मानू नये. आपल्यातले काही जण मुलाला दुसरीपर्यंत उर्दू शाळेत ठेवतात, मग मराठीत घालतात, पाचवीला कोणी तरी सांगतो म्हणून इंग्रजीत. प्रत्येक वेळी मूल पहिल्यापासून मुके होते. काही जण घरी दरडावतात, "घर में मराठी बोल!" बोलणार कोणाशी? घरची बोली हा काही गुन्हा नाही. कातकऱ्यांच्या मुलाची बोलीही पुस्तकातली नसते, त्याचे घरही आपल्यासारखेच वर्गाबाहेर राहते. मूल घरी कोणत्या भाषेत बोलते, काय काम करते, कशाची त्याला माहिती आहे, हे शाळेत येऊन मास्तरला सांगा. पालकसभेला येऊन, सही करून, मराठी बोलावे लागेल म्हणून दाराजवळूनच परत जाणारे वडील मी दर वर्षी पाहतो. हिंदीत बोला, मास्तरला कळते.

त्या मुलीची गोष्ट अजून संपली नाही. पुढचा पाठ वाहतुकीचा होता. ह्या वेळी मी टाचणात उत्तरांच्या जागा कोऱ्या सोडल्या आणि पहिला प्रश्न विचारला, कसाऱ्याला गाडी थांबते तेव्हा काय होते? वर्ग एकदम उघडला. इंजिन लावतात, काकड्या विकतात, करवंदे विकतात, सगळे एकदम. इंजिन कशाला? कोणी म्हणाले घाट आहे म्हणून. पण पुढे एक इंजिन असताना मागे आणखी का? तेव्हा ती मुलगी उठली. तिचे वडील रेल्वेत. ती म्हणाली, "पीछे का इंजिन धक्का मारता है. और डिब्बा पीछे आने लगा तो वो रोकता है." मराठीत सांग, असे माझ्या तोंडावर आले होते, पण मी गप्प राहिलो. शेजारच्या ठाकर मुलीने ते आपल्या बोलीत बाकीच्यांना सांगितले. मग दोघींच्या मदतीने फळ्यावर मराठी वाक्य तयार झाले. त्या वाक्यात "ढकलते" आणि "रोखून धरते" असे दोन शब्द होते, ते तिला त्या दिवशी मिळाले आणि तिच्यापाशी राहिले. मागून लावलेल्या इंजिनाला बँकर म्हणतात हेही तिनेच सांगितले.

मग मी माझी भर घातली. 1865 साली हा घाटातला लोहमार्ग सुरू झाला. चढ एवढा, की 37 फूट पुढे जावे तेव्हा गाडी 1 फूट वर जाते. एका मुलाने वर्गात 37 पावले मोजून पाहायचे ठरवले, ती भिंतीत संपली, म्हणून सगळा वर्ग व्हरांड्यात गेला. टाचण पूर्ण झाले नाही. त्या पाठाला मला मागच्यापेक्षा कमी गुण मिळाले : वर्गनियंत्रण ढिले, समारोप राहिला. शेरा खरा होता. त्या गडबडीत मागच्या बाकावरच्या त्या मुलाने पावले मोजणाऱ्याला "चुकलास, चौतीस झाली" असे ओरडून सांगितले, हे मात्र मी ऐकले.

दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीनंतर तो आला नाही. त्याच्या वाडीवरची आणखी दोघे आली नाहीत. वर्गशिक्षक शांतपणे म्हणाले, "भट्टीवर गेले." आपल्या भागातल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मालकाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर सगळे बिऱ्हाड वीटभट्टीवर न्यायचे, ते पाऊस तोंडावर आला की परतायचे. शाळेचे निम्मे वर्ष तेथेच जाते.

बी.एड.च्या परीक्षेसाठी मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावर टीप पाठ केली होती. 1945 साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेव्हा तो सगळा भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर नेली, तिला कुरणशाळा नाव दिले. वसईकडच्या विधायक संसद संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. हे सारे मला पाच गुणांपुरते येत होते. ते बाक रिकामे पडले तेव्हा ही माणसे कोणत्या गोष्टीशी झगडत होती ते कळले.

जानेवारीत, माझा छात्रसेवाकाल संपल्यावर, एका रविवारी मी भट्टी शोधत भिवंडीच्या पलीकडे गेलो. त्या मुलाच्या चुलतभावाने पत्ता सांगितला होता. तो वाळत घातलेल्या कच्च्या विटा उलटत होता. मला पाहून उठला, हात चड्डीला पुसले आणि विचारले, "सर, इथे पण पाठ आहे का?"

मी नाही म्हणालो. मग बरेच इकडचे तिकडचे बोललो. शेवटी सांगितले की तू पाण्याच्या पाठाला दिलेले उत्तर बरोबर होते, मोठ्या सरांनी वहीत तसे लिहिले आहे.

तो म्हणाला, "मला माहीत होतं."

जूनमध्ये तो त्या शाळेत परत आला नाही. आता अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असते, गावच्या शाळेने ते द्यायचे आणि जेथे कुटुंब जाईल तेथल्या शाळेने मुलाला दाखल करून घ्यायचे. माझ्या शाळेत ती कार्डे दिवाळीच्या सुट्टीआधी भरण्याचे काम मी मागून घेतले आहे. कारण बिऱ्हाडे निघतात ती रात्री, आणि सुट्टीनंतर कार्ड द्यायला कोणी उरत नाही.

आता माझ्या वर्गावरही छात्राध्यापक येतात. गेल्या वर्षी एक मुलगा आला होता, मेहनती, अक्षर सुंदर. त्याचे टाचण पाहिले, सगळे रकाने काठोकाठ भरलेले. मी त्याला म्हणालो, अपेक्षित उत्तराच्या निम्म्या जागा कोऱ्या ठेव, वर्गात मुले काय म्हणतात ते त्यात लिही. त्याने नम्रपणे ऐकून घेतले. मग विचारले, "सर, पण कोऱ्या जागेला गुण कसे देणार?"

मला उत्तर सुचले नाही. तो आजही ह्या सभेत बसला आहे.